११२ ला फोन लावता तेव्हा हवेत काय घडतं? परभणी जिल्ह्यातून समजून घेऊ रेडिओ लहरींचे नियम

२१ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून गेले होते. हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे धक्के परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. पुढे १० जुलैला सकाळी पुन्हा तेच. तीव्रताही तेवढीच.

धक्का बसला की माणूस आधी घराबाहेर पळतो आणि मग फोन काढतो. लेक पुण्याला, भाऊ संभाजीनगरला, मामा पूर्णेला. 'तुम्हाला जाणवलं का?' हा एकच प्रश्न असंख्य लोक एकाच वेळी विचारायला लागतात. नेमकं त्याच वेळी कुणाला तरी खरोखर पोलीस किंवा ॲम्ब्युलन्स हवी असू शकते. दोन्ही फोन एकाच टॉवरकडे, एकाच हवेतून जाणार असतात.

या हवेतली जागा मर्यादित आहे. तिथे कोणी, किती जागेत आणि किती जोरात बोलायचं हे सरकार ठरवतं. हा विषय दिल्लीतल्या लिलावापुरता आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात गंगाखेडच्या गच्चीवर लावलेल्या बूस्टरपर्यंत तो येऊन पोहोचतो.

हवेतले रस्ते

आकाशवाणी परभणी म्हटलं की जुन्या श्रोत्यांना मीडियम वेव्हवरचा १३०५ किलोहर्ट्झ आठवतो. म्हणजे सेकंदाला १३ लाख ५ हजार वेळा हेलकावे घेणारी लहर. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये वाजतो. १०८ च्या वर लगेच विमानांचा पट्टा सुरू होतो. आपल्या डोक्यावरून जाणारा वैमानिक संकटात सापडला, तर तो १२१.५ मेगाहर्ट्झवर हाक मारतो आणि हा आकडा जगभर सारखाच आहे. त्याच्याही वर पोलिसांचे वायरलेस सेट, मग बऱ्याच अंतरानंतर ७००, ८०० आणि ९०० मेगाहर्ट्झला मोबाइल, आणि २४०० च्या आसपास घरातला वायफाय आणि ब्लूटूथ.

दोघं एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच परिसरात बोलायला लागले की दोघांचंही कुणाला कळत नाही. म्हणून हे रस्ते आखून दिलेले आहेत. जगाच्या पातळीवर ते काम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ करतो. त्याच्या चौकटीत भारत स्वतःचा राष्ट्रीय फ्रिक्वेन्सी वाटप आराखडा बनवतो. तो बनवणारी आणि परवाने देणारी शाखा म्हणजे केंद्राच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी, स्थापना १९५२. लहरींवर पाळत ठेवायला वेगळी यंत्रणा असून तिची केंद्रं मुंबई, नागपूर अशा शहरांत आहेत. राज्य सरकारला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना कुणालाही फ्रिक्वेन्सी देण्याचा अधिकार नाही. राज्याच्या पोलिसांनाही ती केंद्राकडूनच घ्यावी लागते.

कायदा बराच जुना आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तार कायद्याने विनापरवाना वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला. त्याची जागा घेण्यासाठी दूरसंचार कायदा २०२३ आला आणि त्यातली कलमं २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली.

मोबाइलच्या लहरी कुणाच्या?

जनतेच्या. हे वाक्य भाषणातलं वाटेल, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रसारणाच्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं होतं. २ फेब्रुवारी २०१२ ला टू-जी प्रकरणात याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. तेव्हापासून मोबाइल कंपन्यांना लहरी लिलावातूनच घ्याव्या लागतात. २०२२ च्या फाइव्ह-जी लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या.

लिलाव जिल्हावार होत नाही. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक विभाग धरला जातो. त्यामुळे पुण्याच्या हिंजवडीत आणि पालमच्या एखाद्या वाडीत कंपनीकडे कागदोपत्री तेवढ्याच लहरी असतात. फरक पडतो तो टॉवर किती उभारले यावर, आणि पट्टा कोणता यावर.

७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत शिरते. ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढची फाइव्ह-जीची लहर पुष्कळ डेटा वाहून नेते, पण लवकर दमते. परभणी, मानवत, पाथरीच्या सपाट रानात खालच्या पट्ट्याचा एक टॉवर दूरवर पुरतो. जिंतूरकडे नेमगिरीच्या बाजूला डोंगर सुरू झाले की मात्र टेकडीमागे रेंजची सावली पडते. तिथे फोनवर फाइव्ह-जीचं चिन्ह दिसतं की नाही यापेक्षा खालच्या पट्ट्यातला एखादा टॉवर नजरेच्या टप्प्यात आहे का, हे महत्त्वाचं.

११२ चा प्रवास

समजा गंगाखेडजवळच्या रस्त्यावर अपघात झाला आणि तुम्ही ११२ लावला. फोन टॉवरकडे जागा मागतानाच 'हा आपत्कालीन कॉल आहे' असं सांगतो. त्यामुळे गर्दीच्या वेळी टॉवर त्याला साध्या कॉलच्या आधी जागा देऊ शकतो. तुमच्या कंपनीची रेंज नसेल, तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून प्रयत्न करतो. स्क्रीनवर कधीकधी 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसतं, त्याचा अर्थ हाच. अशा वेळी 'रेंज नाही' म्हणून हातपाय गाळू नका, ११२ लावून बघा.

यात एक मेख आहे. ११२ हा जगभरच्या मोबाइल फोनमध्ये आपत्कालीन क्रमांक म्हणून आधीपासून ओळखला जातो. १०८ ला किंवा पोलीस ठाण्याच्या साध्या नंबरला ही ओळख प्रत्येक फोनमध्ये मिळेलच असं नाही. रेंज चांगली असेल तर ॲम्ब्युलन्ससाठी थेट १०८ लावावा. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे. रेंज डळमळीत असेल तर मात्र ११२ ची शक्यता जास्त.

महाराष्ट्रात ११२ चा कॉल आधी जिल्ह्यात जात नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथून माहिती परभणीच्या पोलीस नियंत्रण कक्षाकडे आणि जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर येते. म्हणजे गंगाखेडचा कॉल आधी शेकडो किलोमीटर लांब जाऊन परत येतो. म्हणून 'देवळाच्या मागे', 'नाक्यावर' असं न सांगता तालुका आणि गाव आधी सांगा. पलीकडच्या माणसाला तुमचं देऊळ माहीत नसतं.

बोलण्यासारखी परिस्थिती नसेल तर पॅनिक बटण आहे. २०१६ च्या नियमांनुसार १ जानेवारी २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये ते असणं सक्तीचं आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरायचं, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण झटपट तीनदा दाबायचं. काही मॉडेलमध्ये पद्धत थोडी वेगळी असते, म्हणून सेटिंगमध्ये एकदा बघून ठेवा.

तो भोंग्यासारखा वाजलेला मेसेज

जुलै ते ऑक्टोबर २०२३ दरम्यान अनेकांच्या फोनवर अचानक मोठा आवाज होऊन मेसेज आला आणि व्हॉट्सॲपवर 'फोन हॅक झाला' अशी चर्चा सुरू झाली. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. यात सरकार तुमच्या नंबरवर मेसेज पाठवत नाही. टॉवर एकच घोषणा करतो आणि त्याच्या टप्प्यातले सगळे फोन ती ऐकतात, गावात दवंडी पिटावी तसं. कुणाचाही नंबर लागत नाही, आणि कॉलची कितीही गर्दी असली तरी दवंडीला फरक पडत नाही.

परभणीसाठी हे कामाचं आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे तालुके गोदावरीच्या काठावर आहेत आणि वर जायकवाडी आहे. जिंतूरला पूर्णा नदीवर येलदरी. धरणातून पाणी सोडलं की खालच्या गावांना मिळालेला तासाभराचा वेळही मोलाचा असतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने हे पाहिलं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' हा पर्याय बंद करून ठेवला असेल तर सुरू करा. भूकंपाची आगाऊ सूचना मात्र यातून मिळत नाही. तशी तारीख-वेळ सांगणारे फॉरवर्ड आले तर बिनधास्त डिलीट करा.

पोलिसांचा वायरलेस अजून का आहे?

सगळ्यांकडे मोबाइल असताना पोलीस खांद्यावर तो जाडजूड सेट का बाळगतात? कारण तो मोबाइल टॉवरवर अवलंबून नसतो. बटण दाबून एकजण बोलतो आणि त्या चॅनेलवरचे सगळे एकदम ऐकतात. नंबर शोधायचा नाही, बॅलन्स नाही, 'नेटवर्क व्यस्त' नाही. राज्य पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे.

कमतरताही आहे. या सेटवरून फोटो, व्हिडिओ किंवा नकाशा सहज जात नाही. वेगवेगळ्या खात्यांचे सेट बहुतेक वेळा एकमेकांशी बोलू शकत नाहीत. ट्रायने जून २०१८ मध्ये पोलीस, अग्निशमन आणि आपत्ती दलांसाठी देशभर वेगळं ब्रॉडबँड जाळं उभारावं आणि त्यासाठी लहरी राखून ठेवाव्यात, अशी शिफारस केली. रेल्वेला २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात स्वतःच्या सुरक्षेसाठी ५ मेगाहर्ट्झ देण्याचा निर्णय झाला. पोलिसांच्या आणि अग्निशमनच्या देशव्यापी जाळ्याबाबत तेवढी घाई दिसली नाही. लिलावात कोट्यवधी मिळवून देणारा पट्टा राखीव ठेवणं कोणत्याही सरकारच्या जिवावर येतं, हे उघड आहे.

तूर्त नव्या कायद्याने एक सोय केली आहे. सार्वजनिक आणीबाणीत मदत करणाऱ्यांचे संदेश आधी पोहोचवण्याची व्यवस्था सरकार करू शकतं. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग कंपन्यांना एकमेकांचे टॉवर खुले करायलाही सांगतो. चक्रीवादळांच्या वेळी किनारपट्टीवर हे झालं आहे. एका कंपनीचा टॉवर पडला तरी तिचे ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून बोलू शकतात.

गच्चीवरचा बूस्टर

आता ज्यासाठी हा लेख मुळात लिहावासा वाटला ते. घरात, दुकानात, अभ्यासिकेत रेंज येत नाही म्हणून लोक ऑनलाइन 'सिग्नल बूस्टर' मागवतात. गच्चीवर एक अँटेना, आत एक डबा. रेंजच्या कांड्या भरतात आणि माणूस खूश होतो.

बाहेर काय घडतं ते त्याला दिसत नाही. मोबाइलचं बोलणं दुहेरी रस्त्याने चालतं. ९०० च्या पट्ट्यात फोन टॉवरशी ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतो, टॉवर फोनशी ९३५ ते ९६० वर. तुमचा फोन टॉवरच्या मानाने अगदी हळू आवाजात बोलत असतो आणि टॉवर कान देऊन ऐकत असतो. स्वस्तातला बूस्टर त्या ऐकण्याच्या पट्ट्यातच सतत खरखर ओततो. लग्नात डीजेशेजारी उभं राहून फोनवर बोलून बघा, टॉवरची अवस्था तशी होते. जवळच्या फोनचं कसंबसं ऐकू येतं, लांबच्या शेतातून, क्षीण सिग्नलवरून लावलेल्या फोनचं येत नाही. ११२ चा कॉलही याला अपवाद नाही. त्याला रांगेत पुढे जागा मिळेल, पण टॉवरला तो ऐकूच आला नाही तर पुढे कोण नेणार?

म्हणून परवानाधारक मोबाइल कंपन्यांशिवाय कुणालाही बूस्टर किंवा रिपीटर बसवता येत नाही, विकतही घेता येत नाही. दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हे जाहीरपणे सांगितलं. जॅमरची तर बातच नको. परीक्षेतली कॉपी रोखायची किंवा क्लासमध्ये मुलांचं लक्ष लागावं, अशी कारणं कितीही चांगली असली तरी परवानगीशिवाय जॅमर लावता येत नाही. ते कलम जुलै २०२४ पासून लागू आहे.

रेंज येत नसेल तर फोनमधलं वायफाय कॉलिंग सुरू करा आणि कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. कंपनीला स्वतःचा रिपीटर किंवा छोटा टॉवर बसवता येतो, तिला तो अधिकार आहे.

वॉकीटॉकीचंही असंच. यात्रेत, लग्नाच्या मंडपात, शेतात वापरायला अनेकजण ऑनलाइन घेतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी शक्तीचे सेट २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय चालतात, मात्र त्या मॉडेलला सरकारी मान्यता हवी. बाकीच्या फ्रिक्वेन्सीचे सेट परवान्याशिवाय चालत नाहीत. असे बरेच सेट पोलिसांच्या पट्ट्यातही बोलू शकतात. जाहिरातीत फ्रिक्वेन्सी लिहिलेलीच नसायची, म्हणून २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. फ्रिक्वेन्सी आणि मान्यता दिसत नसेल तर घेऊ नका.

आणि ज्यांना खरंच हवेत बोलायचंय त्यांच्यासाठी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मोबाइल नव्हते. मदतीच्या कामात निरोप पोहोचवायला हॅम रेडिओवाले पुढे आले. हे छंद म्हणून रेडिओ चालवणारे परवानाधारक लोक. त्यांना ७ आणि १४४ मेगाहर्ट्झसारखे पट्टे कायद्यानेच दिलेले आहेत, आणि छोटी बॅटरी आणि तारेचा अँटेना एवढ्यावर ते शेकडो किलोमीटर बोलू शकतात. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. बारा वर्षांचं मूलही ती देऊ शकतं. पास झालं की व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारी स्वतःची खूण मिळते. त्या खुणेवर तो माणूस जगात कुठूनही ओळखू येतो, मग तो सेलूचा असो की सिडनीचा.

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तोही फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.