साक्ष आणि पाठ

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत सेक्टर ६ मध्ये एक जामा मशीद आहे. वरून पाहिले असता 'या अल्लाह' ही अरबी अक्षरे दिसावीत, अशा आकारात ती बांधलेली आहे. अक्षराचीच वास्तू व्हावी, ही कल्पना ज्या धर्माच्या अनुयायांना सुचली, त्या धर्मात लिखित शब्दाला केवढे स्थान आहे हे वेगळे सांगावयास नको. १९५५ च्या सोव्हिएत करारातून जन्मलेल्या आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेल्या या नगरीत नाना प्रांतांची माणसे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. एका पाळीत खांद्याला खांदा लावून राबणारी ही माणसे परस्परांच्या धर्माविषयी बहुधा मौन पाळतात. परंतु ख्रिस्ती आणि मुसलमान शेजाऱ्यांमध्ये ते मौन सुटलेच, तर एक प्रश्न फार दूर नसतो : तुमचा ग्रंथ मुळात होता तसाच आज आहे काय?

हा प्रश्न आजचा नाही. मूसाला तौरात आणि ईसाला इंजील ईश्वरानेच दिली, असे कुराण मानते. मात्र ग्रंथधारकांनी शब्द जागचे हलविले, असा ठपकाही ते ठेवते. या हलविण्याला 'तहरीफ' म्हणतात. ती शब्दांची की केवळ अर्थाची, यावर मुस्लिम पंडितांतच मतभेद होता. अकराव्या शतकातील कॉर्डोव्ह्याच्या इब्न हज्मने शब्दच बदलले असा पक्ष घेतला. अर्थाचा विपर्यास झाला, अक्षरे तशीच राहिली, असे मानणारेही होते.

आपल्या भागाचा या वादाशी पहिला मोठा संबंध आला तो गोव्यामुळे. अकबराच्या निमंत्रणावरून रुदोल्फो आक्वाव्हिव्हा, आंतोनियो मोन्सेरात आणि फ्रान्सिस्को हेन्रिकेस हे जेझुइट पाद्री १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले आणि पुढल्या फेब्रुवारीत फतेहपूर सिक्रीला पोचले. अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल त्यांनी बादशहाला नजर केले. वाद रंगला तेव्हा दोन्ही पक्षांनी आपापला ग्रंथ हाती घेऊन अग्नीत प्रवेश करावा, अशी सूचनाही पुढे आली. पाद्रींनी ती नाकारली, आणि ते योग्यच झाले. पाठाचा निर्णय आगीवर सोपविण्याजोगा नसतो. आक्वाव्हिव्हा १५८३ मध्ये साष्टीतील कुंकळ्ळी येथे मारला गेला. त्याच्या पुढल्याच वर्षी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती पाहून तिचा पाठ शोधून सिद्ध केला. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण प्रत उतरविणाऱ्याच्या हातून मूळ शब्द ढळतो, आणि त्यामुळे ग्रंथाचे ग्रंथपण नाहीसे होत नाही, हा अनुभव मराठी वाचकाला परका नाही, एवढेच येथे नोंदवावयाचे.

वादाला आजचे रूप आले ते मात्र आग्र्यात, १८५४ च्या १० आणि ११ एप्रिलला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य आणि त्याबरोबर सारा छत्तीसगढ कंपनी सरकारने खालसा केला, तेच हे वर्ष. ख्रिस्ती बाजूने उभा होता कार्ल गोट्लीप फँडर. हा जर्मन मिशनरी १८२५ साली कॉकेशसमधील शुशा येथे गेला, फारसी शिकला आणि तेथेच त्याने 'मीझानुल हक' हा ग्रंथ लिहिला. रशियन सरकारने मिशन बंद केल्यावर तो हिंदुस्थानात आला. त्याच्या जोडीला थॉमस व्हाल्पी फ्रेंच होता. मुसलमानांच्या बाजूने कैरान्याचे मौलवी रहमतुल्लाह आणि सरकारी नोकरीतील डॉक्टर वझीर खान. विषय पाच ठरले होते : नस्ख, तहरीफ, त्रैक्य, महंमदांचे पैगंबरत्व आणि कुराण. चर्चा दुसऱ्यापलीकडे गेली नाही.

फँडरचा युक्तिवाद जुना, पण नेटका होता. कुराण स्वतःच पूर्वीच्या ग्रंथांना प्रमाण मानते. महंमदांच्या पूर्वीची बायबलची हस्तलिखिते उपलब्ध आहेत, आणि ती आजच्या पाठाशी मूलतः जुळतात. मग ग्रंथ बिघडला केव्हा? या प्रश्नावर अनेक मौलवी आजवर अडखळले होते. रहमतुल्लाहंनी प्रथम कुराणाच्या साक्षीचा अर्थच बदलला : ती साक्ष ईसाला मिळालेल्या मूळ इंजीलची, मत्ती आणि योहान यांच्या नावावर चालणाऱ्या वृत्तान्तांची नव्हे. त्यानंतर त्यांनी जे केले ते सर्वस्वी नवे होते. वझीर खानने युरोपातील बायबल-चिकित्सेचे ग्रंथ मिळविले होते. मौलवींच्या बाजूने हॉर्न, लार्डनर, आयकहॉर्न अशी नावे पुढे येऊ लागली. फँडर स्वदेश सोडून गेला त्यानंतर दहा वर्षांनी श्ट्राउसचे ख्रिस्तचरित्र निघाले आणि जर्मनीतील धर्मशास्त्राचे विद्यापीठीय जग हादरले. फँडर तोवर शुशात होता. आपल्याच देशातील विद्या अरबी-फारसीच्या जाणकाराकडून आपल्यावर उलटेल, याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

सारा पेच एका वाक्यात गोळा झाला. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा हे स्वर्गात साक्ष देणारे तिघे आहेत, असे वचन तेव्हाच्या इंग्रजी बायबलात होते. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. इरॅस्मसने १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतले नव्हते; १५२२ मध्ये घातले. अशी सात-आठ स्थळे प्रक्षिप्त किंवा संशयास्पद असल्याचे फँडरने भरसभेत मान्य केले. माझ्या मते ही त्याची सर्वांत प्रामाणिक कृती होय. सभेला मात्र तो पराभव वाटला.

येथे दोघांचे मोजमाप निराळे होते. रहमतुल्लाह न्यायालयातील दस्तऐवजाप्रमाणे पाहत होते : एका ओळीत फेरफार सिद्ध झाला की कागद पुराव्यातून बाद. फँडरच्या लेखी शुभवर्तमान ही साक्षीदारांची जबानी होती; लेखकुंच्या चुका शेकड्यांनी निघाल्या तरी सिद्धान्त अबाधित राहतो, असे तो म्हणत राहिला. मूळ पाठ शाबूत आहे हे आधी कबूल करा, असा एकाचा आग्रह. तहरीफ कबूल झाली, आता इंजीलमधून प्रमाण देऊ नका, असा दुसऱ्याचा. सभा तेथेच मोडली, आणि दोन्ही बाजूंनी आपापले वृत्तान्त छापले.

एक गोष्ट यात राहून गेली. कुराणाचा विषय निघालाच नाही, म्हणून तीच कसोटी त्या ग्रंथाला लागली नाही. उस्मान खलिफांनी एक प्रत प्रमाण ठरवून इतर बाजूला सारल्या, हे मुस्लिम परंपराच सांगते. दहाव्या शतकात इब्न मुजाहिदने सात पठणे मान्य केली. १९७२ मध्ये साना येथे सापडलेल्या चर्मपत्रावर धुऊन काढलेला खालचा पाठ रूढ पाठाहून वेगळा आहे. उलट बर्मिंगहॅमच्या पानांचे चर्म ५६८ ते ६४५ या काळातले असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले आणि त्यांवरील पाठ रूढ पाठाशी जवळजवळ जुळतो. हे पुरावे दोन्ही पक्षांना अंतर्मुख करणारे आहेत. वादात मात्र प्रत्येकजण त्यातला सोयीचा तेवढा उचलतो.

१८५७ नंतर रहमतुल्लाहंना देश सोडावा लागला, त्यांची मालमत्ता लिलावात गेली. इस्तंबूलला सुलतानाच्या आश्रयाने त्यांनी १८६४ मध्ये 'इझ्हारुल हक' पुरा केला आणि मक्केत मदरसा काढला. त्याच १८६४ च्या नाताळात, आग्र्याच्या वादसभेशी संबंध आलेले सफदर अली यांनी जबलपूरला बाप्तिस्मा घेतला. ते तेथे शाळाखात्यात अधिकारी होते. जबलपूर आणि छत्तीसगढ तेव्हा एकाच मध्य प्रांतात मोडत. ती वार्ता ऐकून अस्वस्थ झालेले इमादुद्दीन, ज्यांना आग्र्याच्या शाही मशिदीत फँडरच्या विरोधात प्रवचने करण्यासाठी नेमले होते, तेही १८६६ मध्ये ख्रिस्ती झाले. सभा जिंकलेल्या पक्षाची माणसे पुढे हरलेल्या पक्षाकडे गेली, हे तर्काने उलगडणारे नाही.

'इझ्हारुल हक' मात्र फिरत राहिला. सुरत जिल्ह्यात जन्मलेले आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेले अहमद दीदात यांना तो नाताळ प्रांतातील एका दुकानाच्या अडगळीत सापडला, आणि त्यांच्या व्याख्यानांच्या ध्वनिफितींतून आग्र्याचा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील मोहल्ल्यांत परतला. रहमतुल्लाह १८९१ साली मक्केत वारले. लाहोरचा बिशप होऊन निवृत्त झालेला फ्रेंच अरबांत धर्मप्रसारासाठी गेला आणि त्याच वर्षी मस्कतला वारला. फँडर १८६५ मध्येच गेला होता.

त्या स्वर्गातील तीन साक्षीदारांचे वचन १८८१ च्या इंग्रजी सुधारित आवृत्तीतून वगळण्यात आले. भिलाईतील एखाद्या मराठी ख्रिस्ती घरातले 'पवित्र शास्त्र' उघडून योहानाचे पहिले पत्र काढले, तर पाचव्या अध्यायात साक्ष देणारे तीन आजही भेटतात : आत्मा, पाणी आणि रक्त. फँडरने सोडून दिलेली ओळ तेथे नाही.