राज्ये मांडलिक नाहीत

भारताची घटना नावापुरती संघराज्याची. खरी सत्ता दिल्लीची आणि राज्ये तिची मांडलिक, हे मत आता इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावाही मागत नाही. केंद्राचे समर्थक आणि टीकाकार एरवी कशावरही एकमत होणार नाहीत, पण इथे होतात. पहिले म्हणतात, घटनाकारांनाच प्रबळ केंद्र हवे होते, मग तक्रार कसली? दुसरे म्हणतात, घटनेनेच आमचे हात बांधले, आम्ही करणार काय? एकाला यात समर्थन सापडते, दुसऱ्याला सबब.

या मताची बाजू लेचीपेची नाही. तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद साध्या बहुमताने राज्य तोडू शकते. विधानसभेचे मत विचारावे लागते, मानावे लागत नाही. २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी तेलंगण झाले. शेषाधिकार केंद्राकडे आहेत. समवर्ती सूचीत संघर्ष झाला तर सहसा केंद्राचा कायदा टिकतो. राज्यपाल केंद्र नेमते आणि राष्ट्रपती राजवटीचा ३५६वा अनुच्छेद आहेच. के. सी. व्हेअर यांच्यासारख्या अभ्यासकाने या रचनेला अर्धसंघराज्य म्हटले. १९६२ मध्ये पश्चिम बंगालच्या कोळसा-जमिनींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमतानेही राज्यांचे सार्वभौमत्व नाकारले.

हे सारे खरे आहे. पण त्यातून निघालेला निष्कर्ष खरा नाही.

राज्याच्या सीमा बदलणे आणि राज्यांचे अधिकार कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्य दुभंगले, पण महाराष्ट्राच्या किंवा गुजरातच्या वाट्याला राज्यसूचीतला एकही विषय कमी आला नाही. अपवाद जम्मू-काश्मीरचा. २०१९ मध्ये तिथे राज्याचेच केंद्रशासित प्रदेश झाले, आणि संसदेला असे करता येते का, या मूळ प्रश्नाचा निवाडा न्यायालयाने डिसेंबर २०२३ च्या निकालात टाळला. ही जखम खरी आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पण राज्यांचे अधिकार ठरतात ते सातव्या परिशिष्टात, आणि ते बदलायचे तर ३६८व्या अनुच्छेदानुसार किमान निम्म्या विधानसभांचे अनुमोदन लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी केंद्रीकरणाच्या आरोपाला दिलेले उत्तर नेमके हेच होते: ही वाटणी केंद्राच्या कायद्याने झालेली नाही, घटनेने झालेली आहे, म्हणून आपल्या अधिकारांसाठी राज्ये केंद्राची मिंधी नाहीत.

हे नुसते तत्त्व नव्हते, याचा पुरावा महाराष्ट्राच्या अगदी जवळच्या विषयात मिळतो. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला ३२वा विषय. २०११ मध्ये ९७व्या घटनादुरुस्तीने संसदेने राज्यांच्या सहकारी संस्थांनाही नियम घालून दिले, पण विधानसभांचे अनुमोदन घेतले नाही. गुजरातेतल्या एका याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये राज्यांतल्या संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. घटनेचे कुंपण शाबूत होते. आणि सहकाराचे माहेर म्हणवणारा महाराष्ट्र? त्याने २०१३ मध्येच आपला सहकार कायदा त्या दुरुस्तीबरहुकूम बदलून टाकला होता. हात कोणी बांधले नव्हते. ते आपणच पुढे केले होते.

न्यायालयांचा अलीकडचा कलही रुळलेल्या मताच्या उलट आहे. १९९४ च्या बोम्मई निकालाने राष्ट्रपती राजवट न्यायालयीन तपासणीखाली आणली आणि तिचा सुळसुळाट थांबला. २०२२ मध्ये जीएसटी परिषदेच्या शिफारशी संसदेला किंवा विधानसभांना बंधनकारक नाहीत असे ठरले. २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या दोन पीठांनी, दोन्ही वेळा आठ विरुद्ध एक मतांनी, खाणींच्या जमिनीवर कर लावण्याचा आणि औद्योगिक मद्यार्काचे नियमन करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला.

मग राज्ये दुबळी दिसतात ती का? कारण सत्ता सरकली ती सूचींमधून नव्हे, तिजोरीतून. २००० च्या ८०व्या घटनादुरुस्तीने केंद्राचे जवळपास सगळे कर वाटपात आणले, पण उपकर आणि अधिभार बाहेर ठेवले. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के वाटा दिला खरा, पण वाटायच्या रकमेलाच गळती लागली. नोव्हेंबर २०२१ मधला पेट्रोलचा हिशेब पाहा. लिटरमागे केंद्राचे उत्पादन शुल्क २७ रुपये ९० पैसे. त्यातले वाटपात येणारे मूळ शुल्क १ रुपया ४० पैसे. म्हणजे सगळ्या राज्यांना मिळून लिटरमागे सुमारे ५७ पैसे. बाकीचे सगळे विशेष शुल्क आणि उपकर, म्हणजे केंद्राचेच.

घटनाकारांचे काही राहून गेले असेल तर ते इथे. अधिकारांच्या सूचींभोवती त्यांनी अनुमोदनाचे कुंपण घातले. महसुलाच्या वाटपाभोवती घातले नाही. २७०वा अनुच्छेद संसद एकटी बदलू शकते, आणि उपकर वाढवायला तर वर्षाचे वित्त विधेयक पुरते. पण ही घटनेतली एक फट आहे, घटनेचा स्वभाव नव्हे.

राज्य आपल्या अधिकारात काय करू शकते, हे महाराष्ट्रानेच एकदा दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली. तिच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि देशाने तीच वाट २००५ मध्ये धरली. ती दिल्लीची योजना मुंबईत राबवण्याची गोष्ट नव्हती. मुंबईची कल्पना दिल्लीने उचलण्याची होती.

म्हणून राज्यांनी आपली मागणी नीट ओळखावी. नवी घटना नको, राज्यपालांवरचे रोजचे रुसवेही पुरेसे नाहीत. उपकर आणि अधिभारांवर घटनात्मक मर्यादा घाला आणि महसूल वाटपाची कलमेही निम्म्या विधानसभांच्या अनुमोदनाखाली आणा, ही एकच मागणी सर्व पक्षांच्या मुख्यमंत्र्यांनी एकत्र लावून धरण्याजोगी आहे. ती लावून न धरता मांडलिकत्वाचे रडगाणे गाणारा मुख्यमंत्री घटनेवर नाही, स्वतःच्या विधानसभेवर अविश्वास दाखवत असतो.