हुंडणावळ कोण भरतो?

जुन्या मराठीत ‘हुंडणावळ’ असा एक शब्द होता. हुंडीच्या व्यवहारात सराफ जी रक्कम कापून घेई, ती हुंडणावळ. पुढे इंग्रजी अमदानीत रुपया आणि पौंड यांच्यातल्या विनिमयाच्या दरालाही मराठीत हुंडणावळच म्हणू लागले. सराफाचे कमिशन आणि चलनाचा दर, आज आपल्याला वेगळ्या वाटणाऱ्या या दोन गोष्टी एकाच शब्दात नांदत होत्या. परदेशी गिऱ्हाइकासाठी घरबसल्या काम करणाऱ्या एखाद्या चित्रकाराला, अनुवादकाला किंवा प्रोग्रामरला विचारून पाहा. त्याला हे दोन्ही अर्थ एकदमच भेटतात. बँक ‘शुल्क’ म्हणून काही रक्कम कापते आणि बाजारभावापेक्षा कमी दर लावून आणखी काही कापते. पहिली कपात पावतीवर दिसते, दुसरी बहुधा दिसत नाही.

सीमेपलीकडून पैसे आणणे सोपे कसे करायचे, हा प्रश्न इंटरनेटने निर्माण केलेला नाही. त्याचा इतिहास चाळताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. दर पिढीत निरोप वेगवान होत गेला. पण अनोळखी माणसाची हमी कोण घेणार आणि त्या हमीची किंमत कोण भरणार, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला.

सुरुवात हुंडीपासून करू. समजा, अठराव्या शतकातल्या सुरतेच्या एका व्यापाऱ्याला पुण्यात हजार रुपये पोचवायचे आहेत. नाण्यांच्या थैल्या बैलांवर लादून पाठवायच्या म्हणजे वाटेतल्या लुटारूंची भीती. त्याऐवजी तो सुरतेच्या सराफाकडे रुपये भरतो आणि हुंडी घेतो. हुंडी म्हणजे सराफाने आपल्या पुण्यातल्या आडत्याला लिहिलेली चिठ्ठी, की अमक्याला इतके रुपये द्यावेत. आडत्या ते आपल्या पेढीतून देतो. पुण्याहून सुरतेला पैसे पाठवणारेही कुणी ना कुणी असतातच. दोन्ही पेढ्यांच्या वह्यांत जमा-नावे होते, आणि उरलेला फरक तेवढा अधूनमधून चुकता केला जातो. बहुतेक नाणी जागची हलतच नाहीत. पेशव्यांच्या काळात मोहिमांचा आणि वसुलीचा पैसा अशा हुंड्यांनी फिरत असे. ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा बंगालमधला पैसा मुंबईकडे वळवताना बनारस आणि सुरतेच्या सराफांवर अवलंबून होती.

या कागदातली सावधगिरी पाहण्यासारखी आहे. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून ती निम्म्याच्या हिशेबानेही लिहीत: शंभर रुपये, म्हणजे निमे पन्नास, त्याची दुप्पट. हुंडी गहाळ झाली तर ‘पेठ’ म्हणजे दुसरी प्रत, तीही हरवली तर ‘परपेठ’. पाहताच पैसे द्यायची ती दर्शनी, ठरावीक दिवसांनी द्यायची ती मुदती. माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, अशी जोखमी हुंडीही होती. तिच्यात विम्याचीही सोय झाली.

आपल्या विषयाशी सर्वात जवळचा प्रकार मात्र ‘शहाजोग’ हुंडीचा. तिचे पैसे फक्त ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या माणसालाच मिळत. हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहाची. ज्याला बाजार ओळखत नाही, त्याने आधी एखादा शहा गाठायचा. यात सुरक्षितता होती आणि तिला किंमतही होती.

१८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. आठवडे खाणारा निरोप तासांवर आला. लंडनमधले भारतमंत्री त्या काळी ‘कौन्सिल बिले’ विकत. लंडनमध्ये पौंड भरायचे आणि कलकत्ता, मुंबई किंवा मद्रासच्या सरकारी खजिन्यातून रुपये घ्यायचे. ही हुंडीच होती, फक्त सराफाच्या जागी सरकार बसले होते. तारेने पैसे हवे असतील, तर भाव थोडा जास्त. मोठ्या व्यापारी कंपन्यांना तो परवडे.

वेग आला, पण हुंडणावळीचा दुसरा अर्थ याच काळात सगळ्यांना जाचू लागला. रुपया चांदीचा होता आणि जगात चांदी स्वस्त होत होती. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुपयाला जवळपास दोन शिलिंग मिळत. १८९०च्या दशकाच्या मध्याला सव्वा शिलिंगही मिळेना. रुपयात पगार घेऊन विलायतेत कुटुंब पोसणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि १८९३ मध्ये सरकारने त्यांना विनिमय-भरपाईचा भत्ता मंजूर केला. दराच्या घसरणीचा फटका सरकारी नोकराला बसला, तेव्हा सरकारने तो वाटून घेतला. ज्यांचे सरकारदरबारी कुणी नव्हते, त्यांना असा भत्ता मिळाला नाही.

या दराच्या राजकारणावरचा एक महत्त्वाचा ग्रंथ लंडनमध्ये शिकणाऱ्या एका मराठी विद्यार्थ्याने लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या त्यांच्या डी.एस्सी.चा तो प्रबंध. रुपया घसरला की निर्यातदाराचे भले होते, असे तेव्हा म्हटले जाई. आंबेडकरांनी विचारले, हा नफा येतो कुठून? किमती चढतात आणि मजुरी मागे राहते, म्हणजे तो मजुराच्या खिशातून येतो. विनिमयाचा दर म्हणजे नुसते गणित नव्हे, त्यात कोण कमावतो आणि कोण भरतो हे पाहावे लागते, ही दृष्टी आजही उपयोगी आहे.

विसाव्या शतकात तारेच्या जागी टेलेक्स आला आणि टेलेक्सच्या जागी ‘स्विफ्ट’. १५ देशांतल्या २३९ बँकांनी १९७३ मध्ये ब्रसेल्स येथे ही संस्था उभी केली आणि १९७७ मध्ये तिचे संदेश सुरू झाले. स्विफ्ट पैसे पाठवते असा अनेकांचा समज असतो. ती फक्त संदेश पाठवते. पैसे बँकांच्या एकमेकींकडच्या खात्यांत जमा-नावे होतात, सुरत-पुण्याच्या वह्यांसारखेच. आणि बँकाही एकमेकींना अनोळखी असतात. २६ जून १९७४ रोजी जर्मन नियामकांनी कोलोनची हेरश्टाट बँक तिथले कामकाज संपताना बंद केली. समोरच्या बँकांनी तिला मार्क देऊन टाकले होते. बदल्यातले डॉलर न्यूयॉर्कमध्ये मिळायचे होते, आणि तिथला दिवस अजून संपलेला नव्हता. ते डॉलर मिळालेच नाहीत. त्याच वर्षअखेरीस बँकांवरच्या देखरेखीसाठी बाझल समिती स्थापन झाली.

आता या साखळीत एक छोटी रक्कम घालून पाहू. फिनलंडच्या एका प्रकाशकाने सांगलीच्या एका चित्रकर्तीला ३०० युरो पाठवले. तिचे खाते लहान बँकेत असेल, तर त्या दोन बँकांचा एकमेकींकडे हिशेब असण्याची शक्यता कमी. मग मधे एक-दोन मोठ्या बँका येतात. त्या आजचे शहा. प्रत्येक शहा आपले ठरावीक शुल्क घेतो. तीन लाख युरोंत ते जाणवत नाही. तीनशेत चांगलेच जाणवते.

भारतात यावर आणखी एक पहारा होता. परकीय चलन दुर्मीळ असलेल्या काळातला १९७३ चा ‘फेरा’ कायदा जाऊन १९९९ चा ‘फेमा’ आला, तरी प्रत्येक डॉलर कशासाठी आला हे सांगणे चुकले नाही. २०१० च्या फेब्रुवारीत पेपॅलने भारतातली वैयक्तिक देवाणघेवाण थांबवली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने अशा मार्गाने येणाऱ्या निर्यातीच्या पैशासाठी नियम केले: एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा, आणि ठरल्या दिवसांत पैसे भारतातल्या खात्यात आणण्याचे बंधन. ही मर्यादा २०११ मध्ये ३,००० आणि २०१३ मध्ये १०,००० डॉलर झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मध्यस्थ कंपन्यांना थेट नियमनाखाली आणताना ती प्रत्येक वस्तू किंवा सेवेमागे २५ लाख रुपये ठरली. सरकारला हळूहळू पटले, की एकटी काम करणारी व्यक्तीही निर्यातदार असते.

दरम्यान २०११ मध्ये लंडनमध्ये ट्रान्सफरवाइज सुरू झाली. ताव्हेत हिन्रिकुस आणि क्रिस्तो कार्मान हे दोघे एस्टोनियन. एकाला पगार युरोत मिळे आणि लंडनमध्ये खर्चाला पौंड लागत. दुसऱ्याला पगार पौंडांत मिळे आणि एस्टोनियातल्या गृहकर्जासाठी युरो लागत. दोघांनी बाजारभावाने एकमेकांच्या खात्यांत पैसे भरायला सुरुवात केली. सीमा ओलांडलीच नाही. सुरतेच्या सराफाला यात काहीच नवे वाटले नसते! नवे होते ते एवढेच, की दर आणि शुल्क गिऱ्हाइकाला वेगवेगळे आणि आधी दाखवले गेले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताचे यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊशी जोडले गेले. छोट्या रकमा आता मिनिटाच्या आत पोचू शकतात. पण ही सोय आहे व्यक्ती-व्यक्तींमधल्या पैशासाठी. कामाच्या मोबदल्याला अजूनही कागद, कारण आणि ओळख लागते. त्यातले काही आवश्यकही आहे, कारण खोट्या हुंडीची भीती खरी होती आणि आजही खरी आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण परदेशातून भारतातल्या कुणाकडून तरी काम करून घेतात: संकेतस्थळ, मुखपृष्ठ, अनुवाद, मंडळाच्या कार्यक्रमाची चित्रफीत. पैसे पाठवताना बँकेच्या अर्जावर बहुधा एक पर्याय असतो: सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे, वाटून घ्यायचे की घेणाऱ्याने. तो रकाना आपण न वाचता पुढे जातो. पाठवणाऱ्याचा पर्याय निवडला तरी दरातली कपात राहतेच. म्हणून मोबदला ठरवतानाच ‘तुमच्या हातात किती रुपये पडायला हवेत?’ असे विचारणे बरे. हुंडणावळ कुणीतरी भरतेच. ती कोण भरणार, हे कामाआधी ठरलेले असावे.