डॅफोडिल्स आणि बहिणीची रोजनिशी

आमच्या शाळेत इंग्रजी कविता म्हणजे फळ्यावर शब्दार्थ, मग अलंकार आणि शेवटी घोकंपट्टी. वर्डस्वर्थची ‘डॅफोडिल्स’ मी अशीच पाठ केली. तिच्यामागची हकीकत पुढे कधीतरी वाचनात आली.

१५ एप्रिल १८०२. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अल्सवॉटर सरोवराच्या काठी, सोसाट्याच्या वाऱ्यात कवीने ती फुले पाहिली. सोबत बहीण डोरोथी होती. त्या दिवसाची नोंद तिने रोजनिशीत केली. नाचणारी, वाऱ्यासंगे हसणारी फुले तिथे आहेत; दमून दगडावर मान टेकलेलीही आहेत! कविता त्यानंतरची. ती १८०७ मध्ये छापली गेली. तिच्यातल्या दोन ओळी पत्नी मेरीने सुचवल्याचे कवीनेच सांगून ठेवले आहे. कवितेतला माणूस मात्र एकटाच भटकतो. डोरोथी १८५५ मध्ये वारली. तिची रोजनिशी तिच्या हयातीत प्रसिद्ध झाली नाही.

हे कळले म्हणून कविता उणी होत नाही. मागाहून आठवताना माणूस एकटा असतो, हे त्यातून उमगते. ‘कवीने काय पाहिले?’ असा प्रश्न परीक्षेत येई. ‘सोबत कोण होते?’ हेही मुलांना विचारायला हवे.