पाणी खुले झाले, बेटीबंदी उरली

महाडचे नाव निघाले की चवदार तळे आठवते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. 25 डिसेंबरला तेथेच दुसरी परिषद भरली आणि मनुस्मृतीचे दहन झाले. हे दोन्ही प्रसंग आपण सारे जाणतो. त्या दुसऱ्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण मात्र फारसे वाचले जात नाही. फ्रान्सच्या 1789 च्या राष्ट्रसभेशी त्या परिषदेचे नाते जोडून बाबासाहेबांनी त्यात सांगितले, की पाणवठे आणि देवळे खुली झाल्याने अस्पृश्यतेचे मूळ उपटले जाणार नाही. ते मूळ बेटीबंदीत आहे. म्हणजे तळ्याच्या काठावर लढा सुरू होता तेव्हाच त्याचे खरे ठिकाण विवाहमंडप आहे, हे सांगून झाले होते.

तेव्हाचा कायदा काय होता? 1872 च्या कायद्याने मिश्रविवाह शक्य होता, पण वधूवरांना आपण हिंदू नाही असे लिहून द्यावे लागे. ही अट हिंदूंपुरती 1923 मध्ये सुटली. धर्मशास्त्राप्रमाणे होणाऱ्या विवाहांत मुंबई उच्च न्यायालय अनुलोम ग्राह्य धरी, प्रतिलोम नव्हे. वरच्या वर्णाच्या पुरुषाला मुभा आणि स्त्रीला मज्जाव, असा हा न्याय. विठ्ठलभाई पटेलांच्या 1918 च्या विधेयकाला शाहू महाराजांनी पाठिंबा दिला आणि 1919 मध्ये कोल्हापूर संस्थानात तसा कायदाही केला. उर्वरित देशाला 1949 पर्यंत थांबावे लागले.

जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. तो धागा धरून पाहू. तेथे गुलामगिरी 1865 मध्ये संपली, पण गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील बंदी सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये मोडली. माणूस मुक्त झाल्यानंतर विवाह मुक्त व्हायला 102 वर्षे लागली. गॅलपच्या पाहणीत अशा विवाहांना 1958 मध्ये 4 टक्के लोकांची संमती होती, 2021 मध्ये 94 टक्के लोकांची.

आपल्याकडे बंदी आधी गेली. मन मागे राहिले. 2011-12 च्या मानवविकास सर्वेक्षणात देशातील आंतरजातीय विवाह सुमारे 5 टक्के आढळले. महाराष्ट्र शासन अशा जोडप्यांना 50,000 रुपये साहाय्य देते. पण ज्याला घर, गाव आणि भावकी मुकते, त्याची भरपाई या रकमेने कशी व्हावी? कुडपणसारख्या सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात शेतीची लावणी, मयताचा खांदा, देवीचा उत्सव, सारे चारचौघांच्या आधाराने चालते. तेथे वाळीत पडणे ही नुसती मानहानी नसते. जगण्याचीच वाट बंद होते. रायगड जिल्ह्यातून गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवणारा महाराष्ट्राचा कायदा 2016 चा आहे आणि तो 2017 मध्ये अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

चवदार तळ्याचा दावा 1937 मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. पाण्याचा निकाल दहा वर्षांत लागला. बेटीबंदीचा दावा मात्र कोणत्याही न्यायालयात संपणारा नाही. तो घराघरांत, मुलीच्या ‘होय’ला आपण काय उत्तर देतो यावर निकाली निघेल. महाडची दुसरी परिषद त्या अर्थाने अजून उठलेली नाही.