विदूषकाची बोली

विनोदी नाटकाचा इतिहास बहुधा ग्रीसपासून सांगतात. ते नाव आपल्याला अगदीच परके नाही. शेजारचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारग्रंथात नमूद आहे. अ‍ॅरिस्टोफनीझने अथेन्सच्या पुढाऱ्यांची भर रंगभूमीवर टोपी उडविली हेही खरे. परंतु ढोकीत बसून आपण आज बोलीच्या वाटेने जाऊ.

संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोले. त्याचा सखा विदूषक मात्र ब्राह्मण असूनही प्राकृत बोले. राजाला टोचणारे बोलण्याची मुभा त्यालाच होती. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त विनोदाची दोन रूपे शेजारीशेजारी दिसतात. मैत्रेयाबरोबर आपण हसतो; ‘स’चा ‘श’ करणाऱ्या शकाराला आपण हसतो. हा भेद ध्यानात ठेवावा.

सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांतून जोशी, वासुदेव अशी सोंगे उभी केली आणि लोकांच्याच बोलीत हसतखेळत अध्यात्म सांगितले. तमाशातील सोंगाड्याने त्याच बोलीत राजाला नि प्रधानाला चिमटे काढले. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्यांच्या नाटकांतही सूत्रधाराशी हुज्जत घालणारा विदूषक असे.

पुढे फार्स आले आणि विनोद दिवाणखान्यात शिरला. 1916 साली रंगभूमीवर आलेले देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मूळ मोलियेरचे, इंग्रजीवाटे मराठीत आलेले; पण फाल्गुनराव अस्सल आपला वाटतो. सोंगापेक्षा स्वभावातून हसू फुटू लागले, हा मोठाच लाभ. मात्र या नागर नाटकांत गावाकडची बोली पुष्कळदा गड्या-नोकरांच्या तोंडी उरली आणि प्रेक्षक बोलीलाच हसू लागले.

1965 साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने सोंगाड्याला शहरी रंगमंचावर मानाने आणले. 1979 साली आपल्या मराठवाड्याचे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ सुरू केले. एकट्याने बावन्न पात्रे, आणि त्यांतली गावाकडची माणसे मराठवाडी बोलणारी! लोक त्या बोलीला हसले नाहीत. त्या बोलीत हसले.

आमची मुले शहरात शिकायला जातात आणि पहिल्या आठवड्यातच घरची बोली लपवितात. त्यांना हा इतिहास सांगितला पाहिजे. राजापुढे निर्भयपणे बोलणारा विदूषक दरबारी भाषा बोलत नव्हता. तो लोकांची भाषा बोलत होता.