देवाची मालकी आणि संग्राहकाची खरेदी

जुन्या मूर्ती, चित्रे, ताम्रपट आणि पोथ्या यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्या लेखनाचा ओघ बहुधा वस्तूच्या सौंदर्याकडे किंवा तिच्या कालनिर्णयाकडे वळतो. ती वस्तू कोणाची, हा प्रश्न रसिकांस रुक्ष वाटतो, आणि तो वकिलांच्या स्वाधीन करून आपण मोकळे होतो. आमच्या मते ही मोठी चूक आहे. मूर्ती कोणी घडविली हे जसे इतिहासाचे अंग आहे, तसेच ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली व कोणत्या अधिकाराने गेली, हेही इतिहासाचेच अंग होय. एकाच मूर्तीवर हक्क सांगणारे तिघे असू शकतात: जमिनीतून ती काढणारा, दाम मोजून ती विकत घेणारा आणि जिच्या देवळात ती पूजिली जात होती ती देवता. या तिघांचा तंटा आपल्या न्यायासनांपुढे गेल्या दीडशे वर्षांत कसा चालला, व त्यात मुंबई शहराचा भाग काय होता, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही राहतो त्या देवनारच्या दक्षिणेस तुर्भ्याची टेकडी आहे, आणि तिच्या पलीकडे समुद्रात घारापुरीचे बेट. कायदा नसला म्हणजे पुराणवस्तूंची काय गत होते, हे पाहण्यास या बेटाइतके जवळचे उदाहरण नाही. तेथील लेण्यातला एक शिलालेख पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काढून आपल्या देशी पाठविला. तो पुढे कायमचा नाहीसा झाला, आणि लेणे कोणी व केव्हा कोरविले या वादाचा निकाल लावणारा साक्षीदारच आपण गमावला. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटास ‘एलिफंटा’ हे नाव दिले, तो हत्ती १८६४ साली विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो खाली पडला व त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईस राहिले आणि १९१४ साली सांधले गेले. आज तो हत्ती भायखळ्याच्या उद्यानात भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. तो आपल्याकडे उरला तो कोणत्याही कायद्यामुळे नव्हे, तर केवळ अपघातामुळे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या बाबतीतला पहिला महत्त्वाचा कायदा १८७८ सालचा, गुप्तधनाचा. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने कलेक्टरास लेखी वर्दी द्यावी, असे त्याने ठरविले. मालक पुढे न आल्यास धन सापडणाऱ्याचे. जमिनीच्या धन्याने दावा सांगितल्यास, उलट करार नसेल तर, तीन हिस्से सापडणाऱ्यास व एक हिस्सा धन्यास. सरकारास ती वस्तू हवी असेल, तर तिच्या द्रव्याची किंमत व वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घ्यावी. वर्दी न देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद. नियम साधा आहे व उपयोगीही ठरला आहे; पण त्यातील उणीव सूक्ष्म विचार न करताही दिसते. हा कायदा वस्तूचे धातू म्हणून वजन करतो. तिच्यातील कला त्याच्या तराजूत मावत नाही. सोन्याचे कडे व काशाची मूर्ती यांत काशाची मूर्ती हलकी ठरावी, हे सराफाच्या दुकानात शोभेल, इतिहासाच्या दरबारात शोभणार नाही.

तथापि या कायद्याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. १९७४ साली प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, एका भिल्ल शेतकऱ्यास झुडपाचे मूळ खणताना ब्राँझची चार शिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चौघांचे मिळून वजन साठ किलोहून अधिक. मोडीच्या भावाने ती भट्टीत गेली असती, तर दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाविषयी आपले ज्ञान किती दरिद्री राहिले असते! ती सरकारच्या ताब्यात आली म्हणूनच विद्वानांस त्यांचा अभ्यास करता आला.

आता दुसऱ्या दावेदाराकडे, म्हणजे देवतेकडे वळू. देवाची मालकी ही भाविकांची भाषा झाली; ती कायद्याची भाषा कशी झाली, याचा शोध घेताना आपणांस मुंबईच्या हायकोर्टात यावे लागते. गुजरातेतील डाकोर येथील रणछोडरायाचे आजचे मंदिर १७७२ साली एका मराठी गृहस्थाने, गोपाळ जगन्नाथ तांबवेकर यांनी बांधविले. पुढे तेथील वंशपरंपरागत सेवक देवापुढे येणारे द्रव्य व दागिने आपल्याच मिळकतीचे मानू लागले. त्यावर मनोहर गणेश तांबेकर यांनी फिर्याद लावली, आणि १८८७ साली न्यायमूर्ती वेस्ट यांनी निर्णय दिला की, देवापुढे वाहिलेली वस्तू देवतेची. देवता ही कायद्याच्या दृष्टीने हक्क धारण करणारी व्यक्ती. आणि सेवक हे केवळ विश्वस्त असून हिशेब देण्यास बांधलेले आहेत. पुढे १९२५ साली कलकत्त्याच्या मल्लिक घराण्याच्या कज्जात प्रिव्ही कौन्सिलनेही मान्य केले की, कुलदेवतेची मूर्ती ही इकडून तिकडे हलवावी अशी निव्वळ जंगम चीजवस्तू नव्हे. तिच्या हिताचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे, आणि जरूर तर त्यासाठी निःपक्षपाती प्रतिनिधी नेमला पाहिजे. हे निर्णय झाले तेव्हा ते दानपेटी व वहिवाट यांपुरतेच वाटले असतील. त्यांचा उपयोग एके दिवशी कलेच्या बाजारात होईल, अशी कल्पना तेव्हा कोणी केली असेल असे आम्हांस वाटत नाही.

तिसरा दावेदार संग्राहक. त्याच्याविषयी बोलताना न्यायबुद्धी सुटू देता कामा नये, कारण संग्राहक नसते तर आपली संग्रहालये रिकामी राहिली असती. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, कोनशिला १९०५ साली बसली. १९०९ साली मुंबई सरकारने खास कायदा करून ते विश्वस्तांच्या हाती दिले. आणि १९२२ साली ते लोकांस खुले झाले. त्याचा मूळ साठा कोठून आला? शेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी यांचा संग्रह १९१५ साली घेतला गेला. सर रतन टाटांचा १९२१ साली आणि सर दोराब टाटांचा १९३३ साली तेथे आला. खाजगी आवड ही विश्वस्तपत्राच्या व मृत्युपत्राच्या द्वारे सार्वजनिक ठेव कशी होते, याचा हा उत्तम नमुना आहे. हे कागद नीट झाले नसते तर वारसांच्या वाटपात ते संग्रह विखुरले असते. संग्राहकाच्या पदरी रसिकतेबरोबर चांगला कायदेपंडितही असावा लागतो तो याचसाठी.

परंतु प्रत्येक संग्राहकाची वाट संग्रहालयाकडेच जाते असे नाही. १९५१ साली तंजावर जिल्ह्यातील शिवपुरम् येथे शेतात चोळकालीन सहा मूर्ती सापडल्या. त्यांत दहाव्या शतकातील एक अप्रतिम नटराज होता. गुप्तधनाच्या कायद्यान्वये त्या सरकारकडे आल्या आणि कलेक्टराने त्या गावच्या देवळास दिल्या. इथवर कायद्याने आपले काम चोख केले. पुढे मूर्ती दुरुस्तीसाठी एका स्थपतीकडे गेली. त्याने हुबेहूब प्रतिकृती घडविली, देवळात परत गेली ती प्रतिकृती, आणि मूळ नटराज विकला गेला. भाविक बनावट मूर्तीस नमस्कार करीत राहिले, आणि खरी मूर्ती मुंबईत एका खाजगी संग्रहात जाऊन बसली. सुमारे दहा वर्षे ती या शहरात होती.

हे उघडकीस आणले ते पोलिसांनी नव्हे, तर एका विद्वानाने. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी चोळ ब्राँझांवरील आपल्या ग्रंथात, जो १९६५ साली मुंबईच्याच भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केला, देवळातील मूर्ती नक्कल असून मूळ मूर्ती मुंबईत असल्याचे नमूद केले. तरीही १९६९ साली ती न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडे पोहोचली. तेव्हा १९४७ सालचा निर्यातबंदीचा कायदा अमलात होता व परवान्यावाचून पुराणवस्तू देशाबाहेर नेणे गुन्हा होता. परंतु कायदा पुस्तकात व मूर्ती पेटीत, असा प्रकार घडला. १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन फाउंडेशनने ती विकत घेतली. आपल्या सरकारने परदेशात फिर्यादी लावल्या. १९७६ साली तडजोड झाली: मालकी भारताची हे फाउंडेशनने मान्य करावे, दहा वर्षे मूर्ती तेथे प्रदर्शनात राहावी, व नंतर परत यावी. त्याप्रमाणे १९८६ साली नटराज स्वदेशी आला. या तडजोडीस कोणी पराभव म्हणेल, कोणी विजय. आमच्या मते हक्काची कबुली लेखी मिळाली, हेच तिचे सार होय. पुढच्या प्रत्येक मागणीस त्या कबुलीचा आधार मिळाला.

दुसरा नटराज याहून बोधप्रद आहे. तमिळनाडूतील पत्तूर येथे एका उद्ध्वस्त शिवालयाजवळ १९७६ साली एका मजुरास तो सापडला. वर्दी कोणीच दिली नाही. दलालांच्या हातोहात तो लंडनला गेला आणि १९८२ साली एका कॅनेडियन कंपनीने खोट्या इतिहासावर विश्वासून तो विकत घेतला. डागडुजीसाठी तो ब्रिटिश म्युझियममध्ये असताना लंडनच्या पोलिसांनी ताब्यात घेतला. खरेदीदार प्रामाणिक होता. परंतु जे आपले नाही ते दुसऱ्यास देता येत नाही, हे तत्त्व इंग्लंडातही आहे व आपल्या १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्यातही आहे. मग मूर्ती कोणाची? जेथे पूजा कित्येक शतके बंद पडली ते पडके देऊळ इंग्लंडच्या कोर्टात वादी कसे होणार, असा प्रतिपक्षाचा सवाल होता. तज्ज्ञांनी मूर्तीची शैली, तिच्यावरील माती व तिचा धातू यांची त्याच स्थळी निघालेल्या इतर मूर्तींशी तुलना करून नाते सिद्ध केले. आणि हिंदुस्थानच्या कायद्याप्रमाणे मंदिर ही हक्कधारी व्यक्ती आहे, म्हणून परक्या न्यायासनानेही तिचे गाऱ्हाणे ऐकले पाहिजे, असे अपील कोर्टाने १९९१ साली ठरविले. मूर्ती परत आली. डाकोरच्या दानपेटीच्या भांडणात मुंबईस मांडला गेलेला विचार एका शतकानंतर टेम्सच्या काठी उपयोगी पडला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हल्ली या विषयाचा मुख्य कायदा १९७२ सालचा असून तो १९७६च्या एप्रिलपासून अमलात आहे. शंभर वर्षांची वस्तू पुराणवस्तू, आणि हस्तलिखितास पंच्याहत्तर वर्षे पुरेत. व्यापाऱ्यास परवाना हवा. मूर्ती, चित्रे, सचित्र पोथ्या अशा जाहीर केलेल्या वर्गांतील वस्तूंची मालकाने नोंद केली पाहिजे. आणि निर्यातीचा अधिकार केंद्र सरकार व त्याने अधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणास नाही. चोरट्या निर्यातीस सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा कडक आहे खरा. पण कडक कायद्याचाही एक धोका असतो: भिडस्त व कायदा पाळणारा गृहस्थ नोंदीच्या खटाटोपास भिऊन आजोबांची मूर्ती माळ्यावर झाकून ठेवतो, आणि निगरगट्ट दलालाचे काही बिघडत नाही. नोंदणी सुलभ व सन्मानाची व्हावी, ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

या सर्व इतिहासाचा निष्कर्ष एकच, तो असा की, खटला जिंकतो तो शेवटी कागद. घारापुरीचा लेख पोर्तुगालात हरवला, आणि त्याचा नीट ठसा कोणी ठेवला नव्हता म्हणून तो समूळ गेला. शिवपुरम्‌चा नटराज मिळाला, कारण तो कोठे सापडला व कोणास दिला गेला हे सरकारी दप्तरात होते आणि त्याचा माग एका ग्रंथात छापला गेला होता. पत्तूरच्या मूर्तीस कागद नव्हता. तेव्हा माती व धातू यांस साक्ष द्यावी लागली, व निकालास वर्षे लागली. मूर्तीची चोरी होते ती देवळातून. पण ती पचते ती मूर्तीच्या निनावीपणामुळे.

कायद्याचे साहाय्य म्हटले की आपल्यासमोर भांडण उभे राहते. वास्तविक या क्षेत्रातील उत्तम वकिलाचे काम भांडणापूर्वीचे आहे. वस्तू घेण्याआधी विकणाऱ्याच्या हक्काची शहानिशा करणे, दानपत्र अटींसह लिहिणे, प्रदर्शनासाठी उसनी दिलेल्या चित्राचा करार करणे, मृत्युपत्रात संग्रहाची सोय लावणे, ही ती कामे होत. मोठ्या संग्रहालयास हे ठाऊक असते. लहान देवस्थानास व मध्यम स्थितीच्या कुटुंबास नसते, आणि धोका त्यांनाच अधिक असतो.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी देवघरातील जुना टाक, एखादी सचित्र पोथी किंवा वाड्यातून आलेले चित्र असेलच. त्याचे छायाचित्र काढावे. मोजमाप, वजन व खुणा लिहाव्यात. घरातील वडील माणसांस ते कोठून आले हे विचारून उत्तर तारखेसह नोंदवावे. आणि कायद्याने लागत असल्यास त्याची नोंदणी करावी. आणखी वीस वर्षांनी हा प्रश्न ज्यांस विचारावयाचा ती माणसे राहणार नाहीत. देवळांच्या पंचांनीही हेच करावे. मूर्तीस स्वतः बोलता येत नाही. कायद्याने तिला व्यक्ती मानले, तरी तिच्या वतीने साक्ष देण्याचे काम आपल्यालाच करावे लागते, आणि ती साक्ष वेळीच लिहून ठेवलेली बरी.